गोळीचे माप घेणारा माणूस

थ्री-नॉट-थ्री हा शब्द मराठी घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पोलीस चौकीबाहेर पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या खांद्यावर ती आपण कित्येक दशके पाहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात याच जातीची बंदूक होती. या बंदुकीच्या वंशावळीत वर चढत गेले, की १८८८ सालच्या ली-मेटफर्ड रायफलीपाशी आपण पोचतो. त्यातला ली हा गोळ्यांची पेटी आणि खटक्याची यंत्रणा देणारा अमेरिकेतला कारागीर. आणि मेटफर्ड? तो रेल्वेचा एक इंग्रज इंजिनिअर. त्याच्या आयुष्याची गाठ आपल्या १८५७ शी अशी काही पडली आहे, की ती कळल्यापासून हा माणूस माझ्या मनातून जात नाही.

मी स्वतः कधी बंदूक चालवलेली नाही. माझी उमेदीची वर्षे छापखान्यात, खिळे ओतणाऱ्या यंत्रांवर गेली. तिथे नाते जडले ते शिशाशी. शिसे हा धातू दिसायला मवाळ, पण स्वभावाने मोठा लहरी. साचा थंड असला तर ओतीव मालावर सुरकुत्या पडतात. फार तापला तर माल खडबडीत निघतो. नुसत्या शिशाचा खिळा चार छपाईत चेपून जाईल, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील घालायचे. अँटिमनीने धातू कठीण होतो आणि निवताना कमी आकसतो, कथिलाने तो साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट जातो. त्यामुळे एकाच साच्यात एकदा शुद्ध शिसे आणि एकदा खिळ्यांचा धातू ओतला, तर निघालेल्या दोन वस्तूंच्या मापात फरक पडतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. मायक्रोमीटरला दिसतो, आणि छापलेल्या पानावरही दिसतो.

बंदुकीच्या गोळीचे शास्त्र नेमके याच फरकावर उभे आहे, हे मला फार उशिरा कळले. विलायतेत आणि अमेरिकेत जुन्या रायफली जपणारे हौशी लोक आहेत. त्यांची काडतुसे कारखान्यातून येणे केव्हाच बंद झाले, म्हणून ते गोळ्या स्वतः ओततात. छापखाने शिशाच्या खिळ्यांना रामराम करू लागले, तेव्हा लायनोटाइपच्या यंत्रांतला धातू या मंडळींनी आवडीने गोळा केला, हे वाचून मला आमच्या ओतकामाच्या भट्टीची आठवण झाली. त्यांचे साचे, त्यांची मापे यांविषयी वाचत गेलो, आणि त्या वाचनात वारंवार एक नाव येत राहिले : विल्यम एलिस मेटफर्ड.

मेटफर्डचा जन्म ४ ऑक्टोबर १८२४ चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या टाँटन गावचा. वडील डॉक्टर. शिक्षण शेरबोर्नच्या शाळेत. पुढे तो रेल्वेच्या कामावर उमेदवारीला लागला. आगगाडीचे रूळ तेव्हा इंग्लंडभर पसरत होते आणि हुशार तरुणाला त्याहून चांगली शाळा नव्हती. जमिनीची मोजणी करणे, उंचसखलपणा काढणे हे त्याचे रोजचे काम. मोजणीसाठी वापरतात त्या थिओडोलाइट यंत्रातही त्याने सुधारणा सुचवली. म्हणजे मापाची बारीक नजर त्याला बंदुकीने दिली नाही, ती रेल्वेने दिली. बंदुकीचे वेड मात्र घरातलेच होते. वडिलांनाच नेमबाजीचा शौक होता.

त्या काळी बंदुकीपुढे एक जुने कोडे होते. बंदूक नळीच्या तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचे. गोळी सहज आत जायची असेल तर ती नळीपेक्षा बारीक हवी. पण बारीक गोळी बाहेर पडताना नळीत इकडेतिकडे आदळत जाते आणि तिचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा राहत नाही. नळीला आतून मळसूत्री खाचा पाडल्या आणि गोळी त्यांत घट्ट बसली, तर ती भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते; पण घट्ट गोळी ठासायला हातोडी लागते, आणि लढाईत तेवढा वेळ कोण देतो? जाताना सैल आणि येताना घट्ट अशी गोळी हवी होती.

१८४९ च्या सुमारास फ्रान्समधल्या कॅप्टन मिनिए याने तोड काढली. गोळीच्या बुडाला पोकळी ठेवायची आणि त्यात लोखंडी वाटी बसवायची. दारू पेटली की वाटी आत घुसते, गोळीचे बूड फुगते आणि खाचांत घट्ट बसते. इंग्रज सरकारने या कल्पनेसाठी मिनिएला वीस हजार पौंड दिले. मेटफर्डने १८५२ च्या सुमारास निराळा विचार केला. त्याचे म्हणणे, वाटी हवीच कशाला? पोकळीचा आकार अचूक असेल तर नुसत्या धक्क्याने बूड फुगेल. लंडनचा बंदूकवाला प्रिचेट याच्या मदतीने ही गोळी पुढे आली आणि नव्या एन्फिल्ड रायफलीसाठी सरकारने ती घेतली. एक हजार पौंडांचे बक्षीस प्रिचेटला मिळाले आणि गोळीलाही त्याचेच नाव पडले. हा प्रिचेट पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आला, ही आणखी एक गंमत. मेटफर्डचे नाव त्या गोळीला कधी लागले नाही.

ती गोळी डोळ्यांसमोर आणा. नाकाशी निमुळती, बाजूंनी अगदी गुळगुळीत, बुडाला पोकळ. व्यास ०.५६८ इंच, नळीचा व्यास ०.५७७ इंच. मधल्या नऊ हजारांश इंचात काय बसायचे? कागद. कागदी काडतुसात मागे दारू आणि पुढे गोळी असे. शिपायाने कागदाचे टोक फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी कागदासकट नळीच्या तोंडात घालून उरलेला कागद फाडून टाकायचा आणि ठासायचे. कागद गोळीला वेढून आत जाई, म्हणून त्याच्या त्या भागाला बाहेरून वंगण लावलेले असे. नाहीतर जळक्या दारूच्या काजळीत गोळी अडकून बसेल. आणि हात दोन्ही गुंतलेले असल्याने कागदाचे टोक फाडायचे ते दातांनी.

ते वंगण म्हणजे चरबी आणि मेण. आता वाचकांच्या लक्षात आलेच असेल, आपण कुठे येऊन पोचलो ते.

अमेरिकेत त्याच सुमारास जी गोळी रूढ झाली तिच्या अंगावर आडव्या खाचा होत्या आणि वंगण त्या खाचांत भरले जाई. गोळी कागदातून काढून नळीत घालायची. कागद तिथेही दातांनीच फाडत, पण तो कोरडा असे. साच्यात तीन खाचा असणे किंवा नसणे, एवढाच हा फरक. ओतकाम केलेल्या माणसाला असल्या गोष्टी चटकन भिडतात. अर्थात एका साच्याने १८५७ झाले असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. अवधचे राज्य १८५६ साली खालसा झाले होते, दत्तक वारस नामंजूर होत होते, शिपायांच्या पगाराच्या आणि मानाच्या तक्रारी साचत आल्या होत्या. दारू कोरडी होऊन पडलीच होती. पण ठिणगी पडली ती काडतुसावर.

कलकत्त्याजवळ दमदमला कंपनी सरकारचा बारूदखाना होता आणि नव्या रायफलीचे शिक्षणही तिथेच सुरू झाले होते. सांगतात ते असे, की जानेवारी १८५७ मध्ये तिथल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने विटाळाच्या भयाने तो नाकारला. तेव्हा खलाशाने सुनावले, की गाईची आणि डुकराची चरबी दातांनी तोडायची वेळ आली की ही जात राहणार कुठे. चरबी कोणत्या जनावराची असावी याची खबरदारी सरकारने घेतलीच नव्हती. त्यामुळे आळ खोडून काढायलाही तोंड उरले नाही. जानेवारी सरण्यापूर्वीच शिपायांनी आपले वंगण आपणच लावावे अशी मुभा दिली गेली, पुढे कागद हाताने फाडण्याचीही. पण विश्वास एकदा उडाला की सवलतीचाही संशय येतो. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठला आणि १० मे रोजी मेरठ पेटले. आपले विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते याच साली, आणि वाटेत त्यांना काय काय पाहावे लागले हे मराठी वाचकाला ठाऊक आहे.

याच १८५७ च्या सुरुवातीला मेटफर्ड ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर हिंदुस्थानात आला. नेमणूक बिहारमध्ये, गंगाकाठच्या मुंगेरला. योगायोग पाहा. मुंगेर हे बंदुका घडवणाऱ्यांचे गाव. मीर कासिमने १७६२ साली आपली राजधानी तिथे नेली आणि शस्त्रांचा कारखाना काढला, तेव्हापासून तिथल्या कारागिरांच्या पिढ्या लोखंडाच्या नळ्या करीत आलेल्या. अशा गावी तो आला, आणि त्याचे सामान नीट लागते न लागते तोच उठाव झाला. उठावाला निमित्त झालेल्या काडतुसातली गोळी मुळात याच्या डोक्यातून निघालेली होती.

मुंगेरच्या युरोपीय वस्तीच्या संरक्षणाची तयारी करण्यात मेटफर्डने पुढाकार घेतला. दिवस कठीण होते. २५ जुलैला दानापूरचे शिपाई उठले आणि जगदीशपूरच्या वृद्ध कुंवरसिंहांना जाऊन मिळाले. आऱ्याला त्याच रेल्वेच्या बॉइल नावाच्या इंजिनिअरने तटबंदी केलेल्या घरात मूठभर लोकांनी आठवडाभर वेढा सोसला. रूळ टाकायला आलेली माणसे मोर्चे बांधू लागली होती. मेटफर्डची प्रकृती मुळातच नाजूक. काळजी, जागरणे आणि बिहारचा उन्हाळा तिला मानवला नाही. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडला परतला तो खंगून, आणि ती तब्येत पुन्हा कधी पूर्ववत झाली नाही.

त्या रात्रींत त्याच्या मनात काय आले असेल? आपल्या गोळीचा आणि या आगीचा संबंध त्याने जोडला असेल का? त्यावर कल्पनेचे इमले मी बांधणार नाही. एवढे मात्र खरे, की गोळीचा हिशेब तो पुढे सोडून देऊ शकला नाही.

मधल्या काळात त्या गोळीचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. एक नमुना अचूक करणे वेगळे आणि लाखो नग तसेच काढणे वेगळे. ठोक उत्पादनात मापे हलू लागली, गोळ्या सारख्या फुगेनात, तेव्हा बुडाच्या पोकळीत लाकडी बूच बसवावे लागले. शिवाय हिंदुस्थानच्या उन्हात ती गोळी काजळी धरलेल्या नळीत ठासताना सैनिकांच्या नाकी नऊ येत. अखेर १८५९ मध्ये तिचा व्यास ०.५५ इंचांवर आणला गेला. म्हणजे अठरा हजारांश इंच कमी. आमच्या छापखान्याच्या भाषेत जाड कागदाचे चार-पाच ताव.

इंग्लंडला परतल्यावर मेटफर्डने दोन वाटा धरल्या. पहिली वाट मला अस्वस्थ करते. त्याने स्फोटक गोळी केली. लागल्यावर फुटणारी ही गोळी शत्रूच्या दारूगोळ्याच्या पेट्या उडवण्यासाठी म्हणून १८६३ साली इंग्रज सरकारने स्वीकारली. पण पेटीसाठी केलेली गोळी माणसाला लागणार नाही याची हमी कोण देणार? ही भीती सगळ्याच देशांना वाटली आणि १८६८ साली सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्याने चारशे ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असे ठरले.

दुसरी वाट त्याच्या कीर्तीची. तोवर समजूत अशी, की शिसे मऊ हवे आणि नळीतल्या खाचा खोल हव्यात. मेटफर्डने दोन्ही उलटे केले. शिसे मिश्रणाने कठीण करायचे आणि खाचा अगदी उथळ ठेवायच्या. गोळी कठीण असली तरी स्फोटाच्या धक्क्याने तेवढ्या उथळ खाचा भरण्याइतकी ती फुगतेच. शिवाय उथळ खाचांत काजळी साचत नाही आणि गोळीच्या अंगावर खोल वळ न उठल्याने ती हवेत कमी अडखळते. १८६५ साली पाच उथळ खाचांची त्याची रायफल नेमबाजीच्या मैदानात आली. सर हेन्री हॅलफर्ड हा त्या काळचा नामवंत नेमबाज त्याचा मित्र आणि प्रयोगातला जोडीदार. एक मापे काढी, दुसरा ती निशाण्यावर पारखी. गोळी सुटताना नळी स्वतः किंचित हलते आणि नेमाची रेषा बदलते, हेही मेटफर्डने कसून तपासले. पुढे मागून भरायच्या रायफली आल्या तशी त्याची नळी त्यांतही बसली आणि विम्बल्डनच्या स्पर्धांत तिने वर्षानुवर्षे बक्षिसे नेली.

१८८८ साली ब्रिटिश लष्कराने नवी रायफल घेतली तेव्हा यंत्रणा लीची आणि नळी मेटफर्डची, सात उथळ खाचांची. गोळी मात्र आता त्याची नव्हती. शिशाला वरून कठीण धातूचे कवच चढले होते. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून थ्री-नॉट-थ्री. पुढे धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली. तिच्या प्रखर आचेने मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजू लागल्या आणि १८९५ पासून एन्फिल्डच्या कारखान्याच्या पाच खोल खाचांनी त्यांची जागा घेतली. ली-मेटफर्डची ली-एन्फिल्ड झाली.

जुन्या रायफली जपणाऱ्यांपुढचा आजचा पेच इथूनच सुरू होतो. नाव थ्री-नॉट-थ्री, म्हणून ०.३०३ इंचांची गोळी ओतली तर ती नळीत नुसती घसरत जाईल. ०.३०३ हे माप खाचांच्या मधल्या उंचवट्यांवरचे. खाचांच्या तळाचे माप ०.३११ च्या पुढे, आणि नळी झिजलेली असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून जाणकार आधी नळीत मऊ शिशाचा गोळा हलक्या हाताने ठोकून पलीकडून काढतात. त्यावर नळीचा ठसा उमटतो. तो मायक्रोमीटरने मोजायचा आणि मग त्याहून एक-दोन हजारांश जाड गोळी देणारा साचा निवडायचा. नाव पाहून साचा घेणारा फसतो, ठसा पाहून घेणारा फसत नाही.

साचा बारीक निघाला तर तो सुधारतात. गोळीच त्या साच्यात ओतून, तिला स्क्रू बसवून, अंगाला बारीक पॉलिशची पूड लावून ती बंद साच्यात फिरवायची. साचा आतून केसभर मोठा होतो. टूलरूमची मंडळी याला लॅपिंग म्हणतात. किंवा साच्याच्या दोन पाकळ्यांमध्ये पातळ धातूची पट्टी चिकटवायची, म्हणजे त्या पुऱ्या मिटत नाहीत. यात सावधपणा इतकाच, की साच्यातून धातू काढता येतो, परत घालता येत नाही. कधी साच्याला हात न लावता शिशाचे मिश्रण बदलूनही माप साधते. आणि जुनी, तोंडाकडून भरायची एन्फिल्ड असेल तर सगळेच उलटे : गोळी नळीहून किंचित बारीक हवी आणि शिसे शुद्ध, मऊ हवे, नाहीतर तिचे बूड फुगणारच नाही. मेटफर्डने आयुष्याच्या दोन टोकांना सोडवलेली ही दोन कोडी आहेत. आपल्याकडे शस्त्र कायद्यानुसार काडतुसे तयार करायला परवाना लागतो, तेव्हा हा घरी करून पाहण्याचा उद्योग नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण दमदम पुन्हा एकदा यायचे होते. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार झाली, की ली-मेटफर्डची कवचधारी गोळी माणसातून आरपार जाते आणि तो माणूस थांबत नाही. त्यावर दमदमच्या बारूदखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या नाकावरचे कवच काढून टाकले. मग मऊ शिसे शरीरात पसरू लागले आणि जखम भयानक होऊ लागली. तीच कुप्रसिद्ध दमदम गोळी. वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांवर ती वापरली गेली. युरोपभर गवगवा झाला आणि जुलै १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने अशा गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटनने ती मान्य केली ती १९०७ साली.

१४ ऑक्टोबर १८९९ रोजी ब्रिस्टलमध्ये मेटफर्ड वारला. वय पंचाहत्तर. हेगच्या ठरावाला तीन महिनेही झाले नव्हते.

या आयुष्याकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो ते मापांसाठी. नऊ हजारांश, अठरा हजारांश, कागदाच्या जाडीच्या खाचा. एवढ्या बारीक गोष्टींवर एका माणसाची हुकमत होती. आणि त्याच गोष्टींचे पुढे काय झाले यावर त्याची काडीचीही हुकमत नव्हती. गोळीच्या पोकळीचा आकार त्याने ठरवला. तिच्या कागदावर कोणती चरबी लागणार हे कोणा ठेकेदाराने ठरवले. नळीच्या खाचा त्याने आखल्या. त्यांतून कोणती गोळी सुटणार हे दमदमने ठरवले.

मग साचा करणारा निर्दोष म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. आम्ही ओतलेल्या खिळ्यांनी अभंगही छापले आणि जप्तीच्या नोटिसाही छापल्या. खिळ्याला दोन्ही सारखेच, ओतणाऱ्याला मात्र सारखे नसावेत. पेटी फोडण्यासाठी केलेली गोळी माणूस फोडेल, हे कळायला मायक्रोमीटर लागत नाही. मेटफर्डसारख्या सूक्ष्म नजरेच्या माणसाला ते दिसलेच नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. दमदमच्या त्या खलाशाकडे तर मापाचे कसलेच साधन नव्हते. तरी त्या काडतुसाने काय होणार आहे, हे सरकारच्या सगळ्या तज्ज्ञांच्या आधी त्याने ओळखले होते.